शिशाची मोहर

येळवस आली की माझ्या नाकात आधी अंबिलीचा आंबूस वास येतो आणि त्याच्या मागोमाग तापलेल्या इंजिनाचा. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मलाही कळतं. पण इतकी वर्षं झाली तरी ते मला वेगळे काढता आलेले नाहीत. ज्वारीचं पीठ ताकात कालवून ओट्यावर ठेवलं की मी उगाचच खिडकीशी जाते आणि रस्त्यात कुणाची गाडी बंद पडलीय का, ते बघून येते.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाला खेटून असलेल्या गावांत त्या दिवशी जेवायला घरात कुणी थांबत नाही. अख्खं गाव शेतात जातं. कडब्याच्या पेंढ्यांची कोपी उभी करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि मग ज्वारीच्या सावलीत पंगत बसवायची. भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगाची पोळी आणि मडक्यातली गार अंबील. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून बसवतात, ओळखदेख लागत नाही. गावात मागं उरतात ती कुत्री, आजारी माणसं आणि सरकारी नोकर.

यंदा माझा भाचा महेश मला त्याच्या नव्या गाडीतून घेऊन गेला. गाडी छानच. आत बसलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही, आणि तिथंच मला पहिली शंका आली. जे चालताना आवाज करत नाही, ते बिघडताना तरी कसं सांगणार? अक्कलकोट मागं पडलं आणि काचेखाली एक पिवळा दिवा लागला. मग गाडी आपणहून हळू झाली. महेश पाय दाबतोय आणि ती रांगतेय. शेवटी करडईच्या एका शेताला लागून त्यानं ती उभी केली.

“बॉनेट उघड,” मी म्हटलं.

“उघडून काय दिसणार मावशी? आत नुसतं झाकण असतं. सेन्सरचं काहीतरी असणार.”

दोन तासांनी मोटरसायकलवरून एक तरुण आला. त्यानं चाकाखाली बघितलं नाही, वास घेतला नाही, कशाला हात लावून चटका बसतो का तेही पाहिलं नाही. स्टिअरिंगच्या खाली वहीएवढं यंत्र जोडलं, बटणं दाबली आणि म्हणाला, “झालं. एरर होता, काढून टाकला.”

“काढला म्हणजे काय काढलं? दाखव की मला.”

तो हसला. “आजी, दाखवण्यासारखं काही नसतं त्यात.”

महेशही हसला. गाडी सुरळीत चालायला लागली, सगळ्यांचं समाधान झालं. माझं नाही झालं. ज्या दुरुस्तीत हातात काहीच निघत नाही, तिच्यावर मी विश्वास ठेवत नाही. आणि ज्या दुरुस्तीत हातात काही निघालं होतं, तिच्यावरही मी एकदा ठेवला नव्हता.

माझा स्वभाव संशयी आहे. भाजीवालीच्या तागडीखालून मी हात फिरवून बघते. डॉक्टर ‘सगळं ठीक आहे’ म्हणाले की मला धडकी भरते. वडील सोलापुरातल्या एका कापडगिरणीच्या दरवाज्यावर होते. पाळी सुटली की बाहेर पडणाऱ्या माणसांचे खिसे चाचपायचे, डबे उघडून बघायचे, हे त्यांचं काम. घरी आल्यावरही त्यांचे हात थांबायचे नाहीत. शाळेतून आलं की आमची दप्तरं ते सवयीनं दाबून बघत. तसे प्रेमळ होते. पण आमच्या घरात प्रेमाच्या आधी तपासणी व्हायची आणि आम्हांला त्यात काही वावगं वाटत नसे.

नर्सचं शिक्षण संपवून मी तिकडच्या एका आरोग्यकेंद्रात रुजू झाले तेव्हा तेवीस वर्षांची होते. सत्तरीच्या दशकाचा मधला काळ. दुधनी स्टेशनवर उतरायचं आणि तिथून सात कोस आत. गाव कानडी. मराठी सगळ्यांना यायची, पण भांडण आणि देवाचं नाव कानडीतच. केंद्रात डॉक्टर, मी, एक शिपाई आणि ड्रायव्हर लिंगप्पा. त्याला सगळे मामा म्हणत, डॉक्टरसुद्धा. पन्नाशीचा माणूस, कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात खाकी शर्ट आणि खाली धोतर. अकरा वर्षं तो रोजंदारीवर गाडी चालवत होता आणि येत्या मार्चअखेर कायम होणार होता. हे त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. पुढंही रोज कुणाला ना कुणाला सांगताना मी ऐकत असे. “मार्च झाला की कायम, सिस्टर. मग मेलो तरी सरकारी डायवर म्हणून मरतो की.”

केंद्राची जुनी जीप लष्कराच्या लिलावातून आलेली होती. ती रोज बिघडायची. दोन दिवस नीट चालली तर मामालाच चैन पडत नसे. रेडिएटर गळायला लागला की तो माझ्यापुढं हात पसरायचा. “सिस्टर, मूठभर हळद द्या की.” हळद पाण्यात टाकली की ती चिरेत जाऊन बसे आणि गळती थांबे. पेट्रोलच्या टाकीला बारीक भोक पडलं तर कपडे धुवायच्या साबणाची वडी त्यावर घासायची. पंख्याचा पट्टा तुटला तर अंबाडीची दोरी तिपेडी वळून बांधायची आणि पुढच्या गावापर्यंत देवाचं नाव घ्यायचं. उन्हात जीप चालायला लागली की लग्नघरासारखा हळदीचा वास सुटायचा आणि मागं बसलेल्या पेशंटांना शिंका यायच्या.

त्या हळदीवरूनही माझ्या मनात किंतु होताच. मूठभर मागतो, चिमूटभर टाकतो आणि उरलेली घरी नेतो, असं माझं मत. एकदा त्याच्या बायकोला, गौरक्काला, मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “हळद कुठून आणता हो तुम्ही?” तिनं दुधनीच्या दुकानाचा पत्ता सांगितला. तरी मला पटलं नाही. पढवून ठेवली असेल, असं वाटलं.

आता वाटतं, त्या जीपवर मात्र माझा कधी संशय गेला नाही. ती बिघडायची, पण उघड्यावर. पाणी गळलं तर रस्त्यावर थेंब पडायचे, नट ढिला झाला तर खडखड व्हायची. कुठं दुखतंय ते ती सांगायची, आणि आमच्याकडं येणाऱ्या पेशंटांपैकी निम्म्यांना तेवढंही सांगता येत नसे.

दिवाळीनंतर नवी गाडी आली. पांढरी, बंदिस्त, डिझेलवर चालणारी, खिडक्यांना पडदे. कुठल्याशा परदेशी योजनेतून आलेली. तिच्याबरोबर इंग्रजीतलं जाड पुस्तक होतं आणि इंजिनाच्या काही नटांमधून तार ओवून तिला शिशाच्या मोहरा लावलेल्या होत्या. गाडी घेऊन आलेल्या माणसानं बजावलं, “याला कुणी हात लावायचा नाही. मोहर तुटली की हमी संपली आणि जबाबदार ड्रायव्हर. बिघडली तर सोलापूरला कळवा, आमचा माणूस येईल.” मामानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून पुढच्या बाजूला बोटं फिरवली.

“हँडल कुटनं मारायचं?”

“हिला हँडल नाही. किल्ली फिरवायची.”

“मग बॅटरी बसली की आमी बी बसायचं व्हय?” मामा म्हणाला आणि जुन्या जीपला केंद्रामागच्या चिंचेखाली नेऊन ठेवून आला. तिचा लिलाव व्हायचा होता.

लोकांनी नव्या गाडीचं स्वागत केलं ते पळून जाऊन. दिवसच तसे होते. नसबंदीच्या ऑपरेशनच्या गाड्या फिरतात, पुरुषांना उचलून नेतात, अशी बोलवा होती. हळदीचा वास सोडत येणारी जीप सगळ्यांच्या ओळखीची, पण पडदे लावलेली पांढरी गाडी दिसली की बाप्ये ज्वारीत शिरायचे. मी गोवराची चौकशी करायला गेले तरी दारात फक्त म्हाताऱ्या. त्या माझ्याकडं आणि मी गाडीकडं संशयानं बघत असू, कारण पहिल्याच आठवड्यात ती तापायला लागली होती.

पाच-सहा मैल गेली की काटा वर चढायचा आणि बॉनेटच्या फटींतून वाफ. मग उभं राहायचं, विहीर शोधायची, पाणी घालायचं, गार होईपर्यंत बसायचं. मामा बॉनेट उघडून नुसता हात लावून बघे. इंजिनाला लावला की चटका बसून मागं येई, रेडिएटरला लावला की तिथंच राही. “नोड्री सिस्टर,” तो म्हणे. नोड्री म्हणजे बघा. “इंजिन भाजतंय आणि रेडिएटर गार. पाणी हिकडनं तिकडं जातच न्हाय. मधी कुटंतरी दार बंद हाय.” मला ते बहाण्यासारखं वाटायचं. याला नवी गाडी नको आहे, जुनी परत हवी आहे, म्हणून हा काहीतरी करत असणार. डॉक्टरांनी सोलापूरला कळवलं. माणूस आला नाही. पुन्हा कळवलं, तर नोंद घेतल्याचं पत्र आलं.

येळवसेच्या चार दिवस आधी एका वस्तीवरच्या अडलेल्या बाईला आम्ही दुधनीला न्यायला निघालो. मूल आडवं होतं. नेहमीप्रमाणं निम्म्या वाटेत वाफ निघाली आणि गाडी ओढ्याच्या चढावर थांबली. दुपारची वेळ, ओढा कोरडा, विहीर अर्ध्या मैलावर. मामा डबा घेऊन पळत गेला. तो परत यायच्या आत मागून कडब्याची गाडी आली. बाईच्या सासूनं एक शब्द न बोलता गाडीवानाला थांबवलं, सुनेला आमच्या गाडीतून उचलून कडब्यावर घातलं आणि बैल हाकायला सांगितले. मीही चढले. मूल स्टेशनच्या अलीकडं बैलगाडीतच झालं. माझ्या हातांनी ते कसं फिरलं आणि कसं बाहेर आलं, मला आजही सांगता येणार नाही. दोघं जगली. मामा मागून गाडी घेऊन पोचला तेव्हा सासूनं त्याला एवढंच म्हटलं, “मामा, तुजी ही पांढरी म्हस न्हेऊन बाजारात बांद.”

परत येताना मामा पूर्ण वाटभर काट्याकडं बघत राहिला. तेव्हा मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

मग येळवस. डॉक्टर रजेवर सोलापूरला, शिपाई त्याच्या शेतात. गौरक्का सकाळीच बोलावून गेली होती, पण मी अंग मोडून आल्याचं सांगितलं. खरं कारण असं की त्यांचं अंबिलीचं मडकं कशानं धुतात, याची मला खात्री नव्हती. अकराच्या सुमाराला गाव इतकं सुनं झालं की पिंपळाची पानं ऐकू येत होती. आणि त्यात पान्ह्याचा आवाज. एक खट्ट, मग थोडं थांबून दुसरा.

मी खिडकीतून बघितलं. मामा शेतात नव्हता. ज्याच्या घरची कोपी गावात सगळ्यात मोठी असते, तो माणूस येळवसेच्या दिवशी एकटा नव्या गाडीचं बॉनेट उघडून उभा होता. पक्कडीनं त्यानं तार कापली. मोहर मातीत पडली, ती उचलून खिशात टाकली. दोन नट काढले आणि आतून एक पितळी वस्तू बाहेर काढली, अष्टगंधाच्या डबीएवढी. ती उन्हात धरून सगळीकडून बघितली, फडक्यात गुंडाळली आणि शर्टाच्या आत, छातीशी ठेवली.

मी बाहेर आले. “काय करताय मामा?”

तो दचकला. “काय न्हाय, सिस्टर. पुसतोय.”

तो खोटं बोलला, यातच मला सगळं कळलं असं मी धरून चालले. पुढं मी बघत गेले आणि मला हवं ते दिसत गेलं. सोमवारी तो दुधनीच्या बाजाराला गेला. मंगळवारी गौरक्काच्या अंगावर नवं इरकल लुगडं. गाडी त्या दिवसापासून तापायची थांबली, अगदी एकदाही तापली नाही. शहाण्या माणसाला एवढं पुरलं असतं. मी ठरवलं, थंडी पडलीय म्हणून तापत नाही. उन्हाळा येऊ दे, मग बघा.

त्या दिवसांत सरकारी कचेऱ्यांत निनावी अर्जांचं पीक होतं. समोरासमोर कुणी काही बोलत नसे. बदली हवी, बदली नको, शेजाऱ्याची बैठक आवडत नाही, कशावरही अर्ज जायचा आणि ज्याच्याविरुद्ध गेला त्याच्याकडून खुलासा मागवला जायचा. मीही एका दुपारी बसले आणि अक्कलकोटच्या साहेबांना अर्ज लिहिला. ड्रायव्हरनं मोहर तोडली, इंजिनातला मौल्यवान भाग काढून विकला, अशा माणसाला कायम करणं शासनाच्या हिताचं नाही. खाली ‘एक हितचिंतक’. गावच्या पोस्टात न टाकता दुधनीला जाऊन टाकला. नाव लिहिलं नाही, एवढ्यावर आपण पुरत्या लपलो अशी माझी समजूत होती. परत येताना मला हलकं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. कर्तव्य केल्यासारखं वाटत होतं.

मग सुगी आली. पौष सरला तसा हुरडा झाला, शेतातून आगटीचा धूर यायला लागला, लोक आम्हांला हाका मारून मारून बोलवायचे. नवी गाडी आता रोज फिरायची. वस्तीवरचे पुरुषही हळूहळू ज्वारीतून बाहेर यायला लागले, मामानं हुरड्याच्या निमित्तानं एकेकाला गाडीत बसवून फिरवून आणलं होतं. पुढं ज्वारीची उपटणी सुरू झाली. हवेत कुसळं उडायची, सगळ्यांच्या मानेवर पुरळ, आणि माझ्याकडं दिवसभर खाजेच्या औषधाची रांग. ती रांग संपल्यावर एका दुपारी मामा आत आला. त्याच्या हातात लांबट सरकारी लखोटा होता.

“सिस्टर, हे वाचा की. मला मराठी वाचाय येत न्हाय.”

मला वाचायची गरज नव्हती, तरी मी वाचलं. मोहर तोडल्याबद्दल आणि भाग विकल्याबद्दल आठ दिवसांत खुलासा द्यावा, अन्यथा कायम करण्याचा विचार होणार नाही आणि कामावरूनही कमी केलं जाईल. वाचताना माझा आवाज नीट होता, याचं मला नंतर फार वाईट वाटलं.

“कुनी केलं असंल हो?” मामानं विचारलं.

“काय माहीत,” मी म्हटलं.

तो बाकावर बसला. मग शर्टात हात घालून त्यानं ते फडकं काढलं. पितळी डबी त्यात होती. विकलेली नव्हती, बाजारात नेलेली नव्हती. दीड-दोन महिने तो ती अंगावर बाळगत होता. सोलापूरचा माणूस कधी ना कधी येईल, तेव्हा त्याच्यासमोर ठेवायची म्हणून.

“तुमचं सुया उकळायचं भांडं चालू हाय का?” त्यानं विचारलं.

स्टोव्हवर माझ्या सिरिंजा उकळत होत्या. त्यानं डबीला दोरा बांधला आणि ती वरून पाण्यात सोडली. आम्ही दोघं वाफेत डोकी घालून उभे राहिलो.

“ह्येला मधी एक दार असतंय. पानी गार असलं की बंद, कडक झालं की आपसूक उगडाय पायजे. दार उगडलं की पानी रेडिएटरला जातंय आणि गार होऊन येतंय. आता नोड्री, पानी उकळतंय. उगडलंय का?”

उघडलं नव्हतं. बुडबुडे तिच्याभोवती नाचत होते आणि मधली चकती घट्ट मिटलेली होती. मी चिमट्यानं हलवून बघितली, वर काढली, पुन्हा सोडली. स्टोव्हची वात मोठी केली. उघडेना.

“गौरीच्या पातेल्यात तीन डाव उकळून बघितली. हिचं दार जाम झालंय, नवी असतानाच. काडून टाकली, गाडी चालाय लागली. काय चुकलं सांगा.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलं? मी विचारलं होतं तुम्हांला.”

“मोहर तोडली म्हनलं असतं तर तुमी डॉक्टरला सांगितलं असतं. डॉक्टरला लिहावं लागलं असतं. मार्च तोंडावर आलेला.” मग म्हणाला, “ती बाई कडब्यावर मेली असती तर, सिस्टर? सोलापूरच्या मान्साची वाट बगत बसायचं व्हय?”

इरकलाचं मी विचारणार नव्हते, पण तोंडातून गेलंच. ते गौरक्काच्या भावानं येळवसेचं म्हणून काढून ठेवलं होतं. बाजाराला मामा ते आणायलाच गेला होता, भावाच्या दुकानातून.

खुलासा मी लिहायचा, हे त्यानं गृहीतच धरलं होतं. डॉक्टर पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगला गेलेले, मास्तर सुगीच्या सुट्टीत गावी. आणि नाही म्हणायला मला कारण काय होतं? मी कागद घेतला. तो सांगत गेला, मी लिहीत गेले. अक्षर बदलायचा प्रयत्न केला, थोडं उभट काढलं, वेलांट्या आखूड केल्या. चार ओळींत ते आपल्या वळणावर आलं. मग मी तो प्रयत्न सोडला आणि इतका चांगला खुलासा लिहिला की तसा कागद मी पुढं नोकरीत कधी लिहिला नाही. ओढ्याचा चढ लिहिला, कडबा लिहिला, उकळतं पाणी लिहिलं. शेवटी ‘सदर प्रयोग मी समक्ष पाहिला आहे’ असं लिहून खाली माझी सही केली. मामानं कानडीत सही केली. तो कागद आणि फडक्यातली डबी घेऊन दुसऱ्या दिवशी तो एकटाच अक्कलकोटला गेला.

त्या दिवशी मी काय काय मनात आणलं, ते सांगायला नको. साहेब अर्ज फाडून टाकतील. अर्ज दुसऱ्याच फायलीत असेल. कारकून वेगळा असेल. संशयी माणसाला सुटकेच्या वाटा मात्र भराभर सापडतात.

चार वाजता गाडीचा आवाज आला. मामा उतरला, चेहऱ्यावर काही नव्हतं.

“काय झालं मामा?”

“झालं की काम. साहेबानं सोताच्या चहाच्या भांड्यात उकळून बघितली. ताकीद दिली, पुन्यांदा मोहर तोडायची तर इचारून तोड म्हनाला. मार्चला कायम.”

मी हसले. देवाशप्पथ मला आनंद झाला होता. “बरं झालं बाई,” मी म्हटलं.

“साहेबानं दोन कागद शेजारी शेजारी ठिवले,” मामा म्हणाला. “म्हनाला, बग लिंगप्पा. मी म्हनलं, साहेब, मला वाचाय कुटं येतंय. तर म्हनाला, वाचू नको, नुसतं बग.”

एवढं सांगून तो हातपाय धुवायला हौदाकडं गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्रेसिंगच्या पट्ट्या कापत होते. बाहेरून हाक आली. “सिस्टर, हितं या जरा.” गाडीचं बॉनेट उघडं होतं. मामाच्या हातात पान्हा होता. माझ्या पायाशी त्यानं एक स्वच्छ फडकं अंथरलं. “फिल्टर काडतोय,” तो म्हणाला, “बगा.” एक नट काढून फडक्यावर ठेवला, मग दुसरा, मग फिल्टर. पुसून झाल्यावर एकेक उचलून परत बसवला. शेवटी रिकामं फडकं माझ्यासमोर झटकून दाखवलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

माझी बदली होईपर्यंत, दोन वर्षं, हे चाललं. तो कायम झाला, पेढे द्यायला पहिला माझ्याकडं आला, माझ्या तापात गौरक्काच्या हातची पेज घेऊन आला. बोलणं पहिल्यासारखंच, सिस्टर म्हणणं पहिल्यासारखंच. पण गाडीला हात लावायचा तर मला बोलवल्याशिवाय नाही. रांग असो, कुणाच्या जखमेत माझा हात असो, मी येईपर्यंत तो पान्हा धरून उन्हात उभा राहायचा. डॉक्टरांना वाटायचं, सिस्टरला इंजिनाची हौस आहे. ‘मामा, नका हो बोलवू’ असं म्हणायला मी कितीदा तोंड उघडलं. पण तसं म्हणायच्या आधी मला दुसरं काहीतरी म्हणावं लागलं असतं, आणि ते मी शेवटपर्यंत म्हटलं नाही.